शिंकांचाही हिशेब ठेवा!

रोज मरे त्याला कोण रडे! नाकाच्या ॲलर्जीचे तसेच आहे. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, दिवसभर नाकातून पाणी, रात्री नाक चोंदून झोप नाही. पण 'सर्दीच तर आहे' म्हणून कोणी मनावर घेत नाही. इकडे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो, मुले वर्गात पेंगतात.

आमच्या मुलीचे असेच झाले. दोन दिवसांत गुण आला नाही की आम्ही डॉक्टर बदलत असू. चौथ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारले, "पूर्वीपेक्षा त्रास किती कमी आहे?" आम्हां उभयतांना सांगता येईना. कचेरीत पै-पैचा हिशेब ठेवणारा मी, घरात आजाराची नोंद शून्य!

बाईंनी सांगितलेली रीत सोपी आहे. शिंका, नाक गळणे, खाज आणि नाक चोंदणे ही चार लक्षणे. त्रास नसेल तर ०, थोडा असेल तर १, मध्यम असेल तर २, झोपेत वा कामात अडथळा येत असेल तर ३. रोज रात्री बेरीज मांडायची. जास्तीत जास्त १२. औषध सुरू करण्यापूर्वीचा आकडा जरूर लिहावा.

या आकड्यांवरून कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज येतो. शिंका, खाज व पाणी यांचेच आकडे मोठे असतील तर सेटिरिझीनसारख्या गोळीने बहुधा आराम पडतो. चोंदण्यापुढे ३ असेल तर नुसती गोळी सहसा पुरत नाही. नाकात मारायचा स्टेरॉईडचा फवारा अधिक गुणकारी ठरतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, म्हणून दोन दिवसांत बाटली टाकून देऊ नये.

सुरुवातीचा आकडा मोठा म्हणून घाबरू नये. जिथे आकडा मोठा, तिथे उतारालाही वाव मोठा. मात्र सगळा उतार औषधाचाच असतो असे नाही. हवा पालटली, धूळ-धूर कमी झाला तरी आकडा उतरतो. म्हणून तेही वहीत लिहावे. दोन-चार आठवड्यांनीही आकडा हलला नाही तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. फवारा मारण्याची पद्धत चुकत असेल किंवा आजारच वेगळा असेल. धाप लागत असेल, छातीत घरघर होत असेल, तर वहीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आमच्या मुलीचा आकडा १० होता. तिसऱ्या आठवड्यात ४ वर आला. त्याच सुमारास वंदनेच्या वेळची उदबत्ती बंद करून आम्ही नुसती फुले वाहू लागलो होतो. त्यामुळे सारे श्रेय फवाऱ्याला देता येत नाही. पण तिचे शाळेचे खाडे थांबले, हे खरे.

तथागतांनी कालामांना उपदेश केला, तो कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः पारखून घेण्याचा. औषधालाही तीच कसोटी लावावी. बाबासाहेबांच्या लेकरांचे शिक्षण नाकापायी का बुडावे? एक वही, एक पेन्सिल. आज रात्रीच बेरीज मांडा.

जयभीम!