फुटबॉलचे शिक्षक : खालिद जमील

पावसाळा लागला कीं महाड-पोलादपूरच्या भातखाचरांप्रमाणें आपलीं क्रीडांगणेंही पाण्यानें भरतात, आणि त्या चिखलांत फुटबॉलचा खेळ कसा रंगतो हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. अशा वेळीं अकरा जणांत ज्याचें नांव लागलें नाहीं असा एखादा मुलगा कुंपणाशीं उभा राहून सारा खेळ पाहत असतो. त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु खेळणें ही एक विद्या आहे व खेळविणें ही दुसरी. पहिल्या विद्येंत मध्यम ठरलेला मनुष्य दुसऱ्या विद्येंत श्रेष्ठ ठरूं शकतो, हें मुंबईच्या खालिद जमील यांच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

जमील यांचा जन्म १९७७ सालीं कुवेत येथें झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेड व एअर इंडिया या संघांकडून ते मधल्या फळींत खेळले. भारताच्या संघांतही त्यांस स्थान मिळालें. पण दुखापतींनीं त्यांची पाठ सोडली नाहीं. २००७ सालीं ते नव्यानें निघालेल्या मुंबई एफ. सी. या संघांत गेले. तेथें खेळण्यापेक्षां दुखणें सोसण्यांतच दिवस गेले. अखेर २००९ सालीं, वयाच्या बत्तिशींत, ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले.

शिट्टी वाजवून मुलांस पळविणें एवढेंच प्रशिक्षकाचें काम, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. वस्तुतः कोणास कोठें उभें करावें, कोणास केव्हां बाहेर बोलवावें, प्रतिपक्षाची कोणती बाजू कच्ची आहे, हें सारें त्यास आधीं ठरवावें लागतें. शिवाय ज्यास वगळलें त्याचें मन राखावें लागतें. हें शेवटचें काम सर्वांत कठीण. बाहेर बसण्याचें दुःख ज्यानें स्वतः भोगलें, त्यास तें अधिक साधत असावें, असें आम्हांस वाटतें.

मुंबई एफ. सी. हा संघ धनवान नव्हता. तरीही जमील यांनीं सात वर्षें त्यास आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेंतून खालीं घसरूं दिलें नाहीं. सर्वांनीं मिळून आपला गोल राखावयाचा व चेंडू हातीं येतांच झटकन् पुढें मुसंडी मारावयाची, ही त्यांची रीत. ती पाहणारांस कधीं कधीं नीरस वाटते, आणि ही तक्रार अगदींच खोटी नाहीं. पण अल्प बळानें मोठ्याशीं कसें झुंजावें, हें प्रतापगडाच्या शेजारीं राहणाऱ्या वाचकांस आम्हीं काय सांगावें!

२०१६ सालीं त्या संघाशीं त्यांचा संबंध संपला व ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. ऐझॉल हें डोंगराच्या धारेवर वसलेलें शहर. सपाट जागा तेथें किती दुर्मिळ, याची कल्पना आंबेनळी घाट चढलेल्यास येईल. हा संघ आदल्या वर्षीं स्पर्धेंतून खालीं गेलेला होता. गोव्याच्या संघांनीं माघार घेतल्यामुळें त्यास पुन्हां प्रवेश मिळाला. मुंबईचे जयेश राणे व आशुतोष मेहता हे खेळाडू जमील यांच्याबरोबर तेथें गेले. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉलनें बलाढ्य मोहन बागानचा १-० असा पराभव केला. ३० एप्रिलला शिलाँग येथें लाजाँग संघाशीं शेवटचा सामना होता. एक गुण मिळाला कीं विजेतेपद निश्चित. नवव्याच मिनिटास प्रतिपक्षानें गोल केला! पुढें जवळजवळ एक तास ऐझॉल पिछाडीवर होतें. सदुसष्टाव्या मिनिटास विल्यम लालनुनफेला यानें बरोबरी साधली. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील संघ राष्ट्रीय विजेता होण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षीं मुंबई एफ. सी. शेवटच्या क्रमांकावर जाऊन स्पर्धेंतून बाहेर पडला.

पुढें कलकत्त्याच्या दोन्ही थोर संघांकडे त्यांस राष्ट्रीय विजेतेपद लाभलें नाहीं. २०२१ सालीं नॉर्थईस्ट युनायटेड संघास मात्र त्यांनीं इंडियन सुपर लीगमध्यें पहिल्या चौघांत नेलें. नंतर जमशेदपूर, आणि १ ऑगस्ट २०२५ रोजीं भारतीय संघाचे प्रशिक्षकपद. सुमारें तेरा वर्षांनीं तें पद भारतीय मनुष्याकडे आलें. पुढच्याच महिन्यांत मध्य आशियाई स्पर्धेंत ओमानला हरवून भारतानें तिसरा क्रमांक मिळविला. ऑक्टोबरांत मडगांव येथें सिंगापूरविरुद्ध मिझोरामच्याच लालियानझुआला छांगटे यानें पहिला गोल केला. तरी सामना १-२ असा गेला, व २०२७ च्या आशिया चषकाचें दार भारतास बंद झालें.