जुने इंजिन, नवा गिअरबॉक्स

माझे वडील गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे १९३० सालची फोर्ड 'मॉडेल ए' मोटार आली. इंजिन चार सिलिंडरचे, चाळीस अश्वशक्तीचे. गिअर मात्र तीनच आणि त्यांना सिंक्रोमेश नाही. त्यामुळे गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागतो. चुकले की दाते करकरतात. मालकांना पाच गिअरचा आधुनिक गिअरबॉक्स हवा होता.

काम वाटते तितके सोपे नाही. जुन्या-नव्या भागांची बोल्टची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड अ‍ॅडाप्टर प्लेट बसवतात. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत हवेत. डायल गेजचा काटा पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच सहस्रांश, याहून जास्त हलता कामा नये. नाहीतर बेअरिंग लवकर जाते. शिवाय या मोटारीत मागच्या चाकांचा रेटा प्रॉपेलर शाफ्टभोवतीच्या नळीतून पुढे येतो. नव्या गिअरबॉक्ससाठी उघडा शाफ्ट घातला, तर तो रेटा पेलायला वेगळे दांडे लावावे लागतात.

पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ असेल, तर त्याच वेगाला इंजिनचे मिनिटाला २००० ऐवजी १६०० फेरे पुरतात.

मालकांनी विचारले, "मग आता गाडी जास्त पळेल ना?"

वडील म्हणाले, "साहेब, ब्रेक अजून सळयांचेच आहेत. वाचलेले फेरे इंजिनच्या विश्रांतीला राहू द्या."

वडील चौथीपर्यंतच शिकले. इंचाचा हजारावा भाग म्हणजे काय, हे मात्र मला त्यांनीच दाखवले.