भिंत किती मजबूत, हा प्रश्नच चुकीचा होता



"पीएच.डी. कशावर करतेस?" असं कुणी विचारलं आणि मी "ऑनलाइन गेममधल्या भिंतींवर" म्हटलं, की समोरचा आधी हसतो. हसू द्या. आज त्याच भिंतींबद्दल लिहिते, कारण माझा रिसर्च क्वेश्चन तिथेच एकदा सपशेल चुकला होता.

आधी विषय समजून घेऊ. जादू, राक्षस, तलवारी असलेल्या ऑनलाइन गेममध्ये शेकडो खेळाडू एकाच जगात वावरतात. काही गेममध्ये खेळाडूला स्वतः अडथळा ठेवता येतो. उदाहरणार्थ, 1997 पासून चालू असलेला 'टिबिया' हा जर्मन गेम. त्यात एका चौकटीत जादूची भिंत उभी करता येते आणि ती साधारण 20 सेकंदांनी आपोआप नाहीशी होते. पाठलाग चुकवायला उत्तम. पण तीच भिंत दुसऱ्याला कोंडायलाही वापरता येते. गोची तिथेच आहे.

मी असाच एक छोटा गेम प्रयोगासाठी बनवला होता. अडवणारे आणि आत शिरणारे, दोन्ही गट जवळपास सारखेच जिंकत होते. म्हटलं, झालं, संतुलन जमलं! दिवाळीत गावी, धर्मापुरीला गेले तेव्हा मावसभावाला मोबाइलवर खेळायला दिला. थोड्या वेळाने त्याने फोन परत दिला. "ताई, मी हरलो बी नाही, मेलो बी नाही. नुसता दरवाज्यात उभाच राहिलो."

त्याचा गट जिंकला होता, बरं का. माझ्या आकड्यांत तो विजेता होता.

पहिला विचार आला, भिंत कमकुवत करू. पण बघा, माझ्या गेममध्ये भिंत फोडता येत होती. मुरलेला खेळाडू ती लगेच फोडायचा. नवख्याचा जोर इतका कमी, की त्याने फोडेपर्यंत तिची वेळ संपायची आणि पुढची भिंत हजर! म्हणजे मजबुती थोडी कमी केली, तर फायदा आधी मुरलेल्यांचा, नवख्याचा सगळ्यात शेवटी.

मग वही काढली. धर्मापुरीला भुईकोट किल्ला आहे. भुईकोटाचं गणित साधं असतं: सगळा तट राखायला माणसं पुरत नाहीत, पण अरुंद दरवाजा थोड्या लोकांना राखता येतो. गेममध्येही तेच. समजा दरवाजा 3 चौकटी रुंद आहे, भिंतीचं आयुष्य 20 सेकंद आहे आणि एक भिंत ठेवल्यावर पुढचीसाठी 4 सेकंद थांबावं लागतं. मग एकटा खेळाडू एका वेळी किती भिंती उभ्या ठेवू शकतो? 20 भागिले 4, म्हणजे 5. दरवाज्याला लागतात 3. एकच माणूस तो दरवाजा हवा तितका वेळ बंद ठेवू शकतो!

आता थांबायचा वेळ 10 सेकंद करा. एका वेळी 2 भिंती. एक चौकट उघडी राहते आणि दरवाजा बंद ठेवायला दुसरा साथीदार लागतो. भिंतीची मजबुती तीच, खेळ मात्र बदलला. म्हणजे खरा प्रश्न मजबुतीचा नव्हता. दरवाज्याची रुंदी आणि एका माणसाच्या हातातल्या भिंती यांच्या प्रमाणाचा होता.

"मग वाट पूर्ण बंद करायलाच मनाई करा ना," असं तुम्ही म्हणाल. 'क्वोरिडॉर' या पटावरच्या खेळात हेच आहे. 9 गुणिले 9 चौकटींचा पट, दोघे खेळत असतील तर प्रत्येकाला 10 भिंती, आणि नियम असा की समोरच्याची शेवटची वाट कापायची नाही. पण तिथे प्रत्येकाला कुठे पोचायचंय हे ठरलेलं असतं. खुल्या जगात कुणाची वाट, कुठे जायची? शिवाय वेढ्यात दरवाजा रोखणं हाच तर खेळ आहे.

इथे मला आट्यापाट्या आठवल्या. पाटीवरचा गडी कितीही चपळ असो, त्याला आपली पाटी सोडता येत नाही. त्याची ताकद कमी केलेली नाही, तिला जागेचं बंधन घातलंय. म्हणून मी नियम केला: भिंत ठेवणारा लांब गेला की भिंत पडते. आता अडवणाऱ्यालाही तिथेच अडकावं लागतं.

राहिलं मोजमाप. आता मी प्रत्येक खेळाडूसाठी दर सेकंदाला तपासते, की त्याला पुढे जायला एकतरी वाट उघडी आहे का. पटावर वाट शोधणारा साधा अल्गोरिदम यासाठी पुरतो. मग सलग किती वेळ तो कोंडला गेला, ते लिहून ठेवते. सरासरी मुद्दाम घेत नाही. समजा 9 जण एक सेकंदही अडकले नाहीत आणि दहावा 100 सेकंद अडकला. सरासरी येते 10 सेकंद, म्हणजे सगळं ठीकठाक! आणि तो दहावा गेम बंद करून निघून गेलेला असतो. म्हणून सर्वांत जास्त वेळ बघायचा, आणि नवख्यांचा वेगळा. गावाकडे नेटवर्क रखडतं, तिथे भिंत दिसेपर्यंतच उशीर झालेला असतो. तो गटही वेगळा मोजायचा.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर एक करून बघा. 'संतुलन', 'परिणामकारकता', 'समाधान' असा जो मोठा शब्द तुम्ही वापरलाय, त्याखाली लिहा: हे मी कशाने मोजणार? आणि त्या आकड्यात कोण दिसणार नाही? मी हे डेटा गोळा करण्याआधी लिहिलं नव्हतं. आधीचा सगळा डेटा मला बाजूला ठेवावा लागला, आणि गाइडसमोर ते सांगताना घशाला कोरड पडली होती.

जाता जाता एक गणित: दरवाजा 4 चौकटींचा, भिंतीचं आयुष्य 30 सेकंद. एकट्याला जमू नये पण दोघांना जमावं, यासाठी थांबायचा वेळ किती ठेवाल? करून बघा. उत्तर पुढच्या पोस्टमध्ये.