काटोलचा अशनि आणि आमचे काळे धोंडे

नाकाडोंगरीच्या बाजूस काळ्या, जड धोंड्यांचें कोणास अप्रूप नाहीं. डोंगरी बुजरुकची मॅंगनीजची खाण जवळच. तेव्हां मुलानें शेतांतून एखादा वजनदार दगड आणला, तर तो खाणीचाच असें समजून आपण तो अंगणांत टाकून देतों. बहुधा तें खरेंच असतें. परंतु नेहमीं तसेंच असेल असें नाहीं.

२२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं नागपूर जिल्ह्यांतील काटोलच्या परिसरांत मोठे धडाके झाले आणि आकाशांतून दगड पडले. जमिनीपर्यंत पोंचलेल्या अशा उल्केस अशनि म्हणतात. पुढें खरगपूरच्या आय. आय. टी.तील सुजय घोष व त्यांच्या सहकाऱ्यांस त्यांतील एका तुकड्यांत ब्रिजमनाइट हें खनिज आढळलें. तो शोध २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. मौज अशी कीं, पृथ्वीच्या पोटांत याच्याइतकें विपुल खनिज दुसरें नाहीं. पण तें साधारण ६६० किलोमीटरांच्या खालीं, जेथें कोणत्याही खाणीचा हात पोंचत नाहीं! काटोलच्या दगडांत तें आलें अंतराळांतील एका भयंकर टकरीच्या दाबानें. निसर्गांत हें खनिज प्रथम ओळखलें गेलें २०१४ मध्यें, ऑस्ट्रेलियांतील टेनहॅमच्या अशनींत. आणि तो पडला होता १८७९ सालीं. म्हणजे सव्वाशेंहून अधिक वर्षें तो जपला गेला म्हणूनच हें साधलें.

या शास्त्राची सामग्री विद्वानांपेक्षां शेतकऱ्यांसच अधिक सांपडते. अमेरिकेंत हार्वे नायनिंजर या जीवशास्त्राच्या प्राध्यापकानें हें ओळखलें. तो गांवोगांव व्याख्यानें देई, खरा अशनि लोकांस दाखवी आणि कोणी तसा दगड आणल्यास त्याचे पैसे मोजी. त्याच्या संग्रहाचा मोठा भाग १९६० मध्यें ॲरिझोना राज्य विद्यापीठानें घेतला, व १९६१ मध्यें तेथें अशनींच्या अभ्यासाचें केंद्र निघालें. आमच्या विद्यापीठांतील मंडळींनींही अशीं व्याख्यानें खेडोपाडीं द्यावींत असें फार वाटतें.

तोंवर घरच्या घरीं थोडी परीक्षा होऊं शकते. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशीं झिलई नसलेली कडा असते. तीवर दगडाचा एक कोपरा घांसावा. मॅंगनीज काळी रेघ सोडतें. ताज्या अशनीची रेघ सहसा उमटत नाहीं. बहुतेक अशनींत लोखंड असल्यामुळें होकायंत्राची सुई त्याकडे वळते. जोराचा लोहचुंबक मात्र लावूं नये. त्यानें दगडांतील मूळची चुंबकीय खूण पुसली जाते. धुवूं नये, फोडूं नये. आणि देवघरांत ठेवून तेल-शेंदूर लावण्याचा मोह घरांतील वडील माणसांस झाला, तर त्यांची समजूत घालावी. कोरडा गुंडाळून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास कळवावें. सोबत जागा, दिशा व वेळ लिहावी, आणि ती घड्याळांत पाहून. ‘जेवणें आटोपून जरा डोळा लागला होता तेव्हां’ एवढ्यावर शास्त्रज्ञांचें भागत नाहीं.