परक्या रस्त्यावर सवयच दगा देते

दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी या भागातील काही घरांत दोन तऱ्हेची धांदल सुरू होते. कोणाचा परदेशात नोकरीला असलेला मुलगा बायको-मुलांना घेऊन येमाईच्या दर्शनाला येणार असतो, तर कोणाचे आईवडील पहिल्यांदाच विमानात बसून सहा महिने त्याच्याकडे राहायला निघालेले असतात. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाचे कागद, स्वेटर, चिवड्याचे डबे या सगळ्याची आठवण ठेवली जाते. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, ही गोष्ट मात्र ‘त्यात काय मोठे, लक्षात राहील’ असे म्हणून सोडून दिली जाते.

वाचकहो, खरी अडचण इथेच आहे. रस्त्याची बाजू ही लक्षात ठेवण्याची गोष्टच नाही. लहानपणापासून आपण रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहतो, कारण आपल्याकडे वाहन डाव्या बाजूने चालते आणि आपल्या जवळून जाणारे वाहन उजव्या हाताकडून येते. हजारो वेळा केल्यावर ही क्रिया मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाकडून काढून घेतली जाते व आतल्या भागाकडे सोपविली जाते. सायकल चालविणे, पोहणे, शर्टाची बटणे लावणे ही कामे याच भागाकडे असतात. म्हणून मान आपोआप वळते, आपल्याला ते कळतही नाही. नियम डोक्याला ठाऊक असतो, पण मान, डोळे आणि हात जुन्याच नियमाने चालतात. मन शांत असते तोवर डोके त्यांना आवरते. घाई, थकवा, गप्पा, भीती यांपैकी काहीही आले की जुनी सवय पुढे सरसावते.

ही चूक अडाण्यांचीच होते असे समजू नये. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कला गेले होते. तेथील फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ते टॅक्सीतून रस्त्याच्या मध्यावर उतरले आणि पुढचा अर्धा रस्ता ओलांडण्यापूर्वी सवयीने डावीकडे पाहिले. इंग्लंडमध्ये, आणि आपल्याकडेही, पलीकडच्या अर्ध्या रस्त्यावर वाहन डावीकडूनच येते. न्यूयॉर्कमध्ये ते उजवीकडून आले. चर्चिल जबर जखमी झाले व त्यांना रुग्णालयात राहावे लागले. जीव वाचला हे नशीब. लंडनमध्ये याच्या उलट घडते. उजव्या बाजूच्या देशांतून आलेले पाहुणे तिथे चुकीकडे पाहतात, म्हणून पादचाऱ्यांच्या पायाशी रस्त्यावरच ‘उजवीकडे पाहा’ असे मोठ्या अक्षरांत रंगविलेले असते.

आता आपल्या आजी-आजोबांकडे येऊ. मुलगा-सून कामावर गेल्यावर पाय मोकळे करायला ते एकटेच बाहेर पडतात. मानेचा स्पॉन्डिलायटिस असेल तर मान पूर्ण वळत नाही, मोतीबिंदू असेल तर येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज चुकतो, आणि तिकडच्या गाड्या हॉर्न वाजवीत नाहीत. आपले कान हॉर्नच्या भरवशावर रस्ता ओलांडतात, हे मान्य करायला हवे! अशा मंडळींनी ‘आधी डावीकडे, मग उजवीकडे’ असले नवे पाठांतर करण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही बाजूंना, दोन-दोन वेळा, थांबून आणि शरीरच वळवून पाहावे. चौकातील पादचारी मार्गावरूनच ओलांडावे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सिग्नल लाल असतानाही थांबून, पाहून उजवीकडे वळण्याची वाहनांना मुभा असते. म्हणून चालण्याची खूण दिसली तरी वळणाऱ्या गाडीच्या चालकाने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करूनच पाऊल टाकावे. पदपथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे, म्हणजे तिकडे रस्त्याच्या डाव्या कडेने. बसचा थांबाही आपल्या अंदाजाच्या पलीकडच्या बाजूला असतो. पहिले चार दिवस मुलाने सोबत फिरून ही सवय करून द्यावी, नुसते तोंडी सांगू नये.

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान, थायलंड, मलेशिया, दक्षिण आफ्रिका येथे आपल्यासारखीच डावी बाजू आहे. अमेरिका, जवळपास सगळे युरोप खंड, चीन आणि दुबई-मस्कतसह आखाती देश उजव्या बाजूचे.

गाडी चालविणाऱ्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिकडच्या गाडीत चालकाची बैठक डावीकडे असते. उपयोगी पडणारी खूण ही की कोणत्याही देशात त्या देशासाठी बनविलेल्या गाडीचा चालक रस्त्याच्या मध्याकडे बसतो आणि कडेला असतो तो शेजारी बसलेला माणूस. आपण कडेला आलो आहोत असे दिसले की बाजू चुकली. अमेरिकेत आणखी एक सोय आहे. समोरासमोरच्या वाहतुकीला वेगळी करणारी रेघ पिवळी असते, ती नेहमी आपल्या डाव्या हाताला राहिली पाहिजे. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा क्रम मात्र सगळीकडे सारखाच. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. वळताना इंडिकेटरऐवजी लख्ख उन्हात वायपर फिरू लागला तर हसू येते, पण हात अजून जुन्याच गाडीत आहेत हे त्यावरून ओळखावे. कायद्याच्या बाजूने, परदेशी परवान्यावर आपल्याकडे गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्यांना तो परिवहन कार्यालयातून मिळतो व एक वर्ष चालतो.

दुचाकीवर मात्र चालकाच्या बैठकीची ही खूण उपयोगाची नाही, कारण स्कूटरचे हँडल मध्येच असते. म्हणून गोव्यात भाड्याची स्कूटर घेऊन फिरणारा, उजव्या बाजूच्या देशातून आलेला पर्यटक मोटारवाल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, असे मला वाटते. गोव्यात भाड्याच्या वाहनाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. अशी स्कूटर समोर दिसली की आपल्या तरुणांनी वेग कमी करावा. (गंमत म्हणजे पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, पण पोर्तुगीज गोव्यात डावीच राहिली, कारण भोवती सगळा डाव्या बाजूचा मुलूख होता.)

चूक कधी होते? भर गर्दीत क्वचितच, कारण तिथे पुढची गाडी आपल्याला वाट दाखवीत असते. धोका असतो तो मोकळ्या रस्त्यावर. पेट्रोल पंपावरून किंवा हॉटेलच्या आवारातून बाहेर पडताना, अरुंद पुलावरून किंवा एकेरी मार्गावरून पुन्हा दुहेरी रस्त्याला लागताना, आणि पहाटे. समोर कोणी नसते आणि हात आपली जुनी बाजू धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर येथे हवाई दलाच्या तळातून बाहेर पडलेली एक अमेरिकन महिला अशीच उजव्या बाजूने गेली आणि समोरून येणारा १९ वर्षांचा मोटारसायकलस्वार प्राणाला मुकला. ती दारू प्यायलेली नव्हती. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत हीच जागा हमरस्ता सोडून कवठ्याकडे वळल्यानंतरची असते. दुभाजक असतो तोवर चूक होणे अवघड, आतल्या रस्त्यावर ती सोपी होते. त्यात आपली काही मंडळी वळसा नको म्हणून उलट्या बाजूने मोटारसायकल हाकतात. तो सवयीचा नव्हे, आळसाचा भाग आहे, पण नवख्याचा उरलासुरला अंदाजही त्याने बिघडतो.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सगळ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. अपघात वाढतील अशी भीती होती, उलट सुरुवातीला ते कमी झाले, कारण जो तो जपून चालवीत होता. साधारण दोन वर्षांत आकडे पूर्वीच्या पातळीवर आले. पाहुण्याचेही असेच होते. पहिल्या दिवशी तो सावध असतो, मग ‘आता जमले’ असे वाटते आणि लक्ष सैल पडते.

विमानप्रवासाचा शीणही इथे मोजला पाहिजे. अमेरिकेचे आणि आपले घड्याळ साडेनऊ ते साडेतेरा तासांनी वेगळे असते, आणि शरीराचे घड्याळ दिवसाला सुमारे एक तासच सरकते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे तपासण्यांत दिसून आले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तेव्हा पहाटे विमानतळावर उतरून थेट स्टिअरिंगवर बसणे बंद करावे. त्या दिवशी गावातला माहितगार ड्रायव्हर बोलवावा. नंतर चालवायचे झाल्यास शेजारी बसलेल्याने मोबाईल बाजूला ठेवून प्रत्येक वळणावर मोठ्याने ‘डावीकडे’ म्हणावे. पट्टा सर्वांनी, मागच्यांनीही बांधावा. अपघात झालाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिलेले आहे.

मुलांविषयीची एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिकडे वाढलेल्या नातवंडांना गाडीच्या उजव्या दाराने उतरायची सवय असते, कारण तिकडे पदपथ उजवीकडे असतो. आपल्याकडे ते दार भर रस्त्यात उघडते. देवळापाशी गाडी थांबताच पोर आनंदाने त्याच दाराने उडी मारते. म्हणून मागच्या उजव्या दाराचे मुलांसाठीचे कुलूप निघण्यापूर्वीच लावून ठेवावे आणि मुलांना डाव्या दाराने, मोठ्यांनी आधी उतरून, हात धरून खाली घ्यावे.