पोट्टे मोठे होतात, मतं कुठं जातात?

मारेगाव तालुका वणी विधानसभा मतदारसंघात येतो. जिल्हा यवतमाळ असला तरी लोकसभेसाठी इथला माणूस मत देतो ते चंद्रपूरच्या उमेदवाराला. गेल्या दहा वर्षांतले निकाल ओळीने मांडून बघा. २०१४ला लोकसभेत भाजपचे हंसराज अहीर आणि विधानसभेत भाजपचेच संजीवरेड्डी बोदकुरवार. २०१९च्या लोकसभेत काँग्रेसचे बाळू धानोरकर. त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेली ही एकुलती एक जागा. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेत पुन्हा बोदकुरवार. २०२४च्या लोकसभेत काँग्रेसच्याच प्रतिभा धानोरकर अडीच लाखांहून जास्त मतांनी, आणि त्याच नोव्हेंबरात विधानसभेत ठाकरे गटाच्या शिवसेनेचे संजय देरकर. सहा निकाल, तीन पक्ष.

याचं कारण विचारलं तर पानठेल्यावर उत्तर तयार असतं: ‘आजकालच्या पोट्ट्यांचा काही भरवसा नाही.’ तरुणांचं राजकीय मत कसं घडतं आणि वयाबरोबर त्याचं काय होतं, याबद्दल अशी तयार उत्तरं बरीच आहेत. त्यातली काही अर्धी खरी आहेत, काही साफ चुकीची.

पहिली गोष्ट या निकालांबद्दलचीच. निकाल उलटला म्हणजे माणसांचं मन उलटलं, असं आपण धरून चालतो. पण दहा वर्षांत मतदारयादीच बदललेली असते. २०१४ला तिसरीत असलेलं पोरगं २०२४ला मतदार झालं. तेव्हा मत दिलेले कितीतरी म्हातारे आज नाहीत. पुण्या-नागपूरला गेलेले मतदानाला आलेच असतील असं नाही. उमेदवार बदलला, सोयाबीन-कापसाचा भाव बदलला, आघाड्या तर पार बदलल्या. एकाही माणसाने आपला विचार बदलला नाही तरी निकाल बदलू शकतो. मन बदललं का, हे बघायचं तर तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा गाठून विचारावं लागतं. असं काम जगात थोडंच झालंय, आणि झालंय त्यातलं बरंचसं अमेरिकेत. त्यामुळे पुढे तिकडचे दाखले येतील; ते जसेच्या तसे मारेगावला चिकटवू नयेत.

‘विशीत क्रांतिकारक, चाळिशीत शहाणा’

विशीत डावा नसेल त्याला हृदय नाही आणि चाळिशीत उजवा झाला नाही त्याला डोकं नाही, अशा अर्थाचं एक वाक्य चर्चिलच्या नावावर सर्रास खपवलं जातं. चर्चिलने ते म्हटल्याचा पुरावा नाही, आणि त्याचं स्वतःचं आयुष्य तर नेमकं उलटं. १९००मध्ये पंचविशीत तो हुजूर पक्षाचा खासदार झाला, १९०४मध्ये उदारमतवाद्यांकडे गेला आणि पन्नाशीच्या सुमारास हुजूर पक्षात परतला. या अर्थाचं वाक्य फ्रान्समध्ये १८७५च्या सुमारासच छापलेलं सापडतं.

वाक्य कुणाचंही असो, ते खरं आहे का? अमेरिकेत १९६५मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, आणि त्याच मुलांना १९७३, १९८२ व १९९७मध्ये पुन्हा गाठलं. या माहितीवर २०२०मध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की बहुतेकांची मतं आयुष्यभर बऱ्यापैकी जागच्या जागीच राहतात. जे बदलतात त्यांच्यात उजवीकडे सरकणारे जास्त, एवढा त्या वाक्यात अंश आहे. पण न बदलणारे त्यांच्याहून जास्त आहेत, हे मात्र त्या वाक्यात नाही.

शिवाय आपल्याकडे डावं-उजवं हे मापच तोकडं पडतं. कापसाला हमीभाव हवा, सरकारी नोकरभरती हवी, गावातलं लग्न मात्र जातीतच हवं: ही तिन्ही मतं एकाच विशीतल्या पोराची असू शकतात. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेने १९ राज्यांतल्या १५ ते ३४ वयाच्या तरुणांची पाहणी करून २०१७मध्ये अहवाल काढला, त्यातही लग्नासारख्या प्रश्नांवर बरेच तरुण चांगलेच जुन्या वळणाचे निघाले. तरुण म्हणजे आपोआप पुरोगामी, ही समजूत बहुधा तरुणपणी पुरोगामी असलेल्या लोकांनीच पसरवली असावी.

‘बापाचा पक्ष तोच पोराचा’

१९६५च्या त्याच अभ्यासात केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड निमी यांना दिसलं ते असं: आईवडिलांचा पक्ष मुलांकडे बऱ्यापैकी उतरतो, पण एकेका प्रश्नावरची मतं फारच कमी. घरात राजकारणाची चर्चा जितकी जास्त तितका वारसा पक्का. पुढे ईलियास दिनास या अभ्यासकाने यातली एक गंमत दाखवली. ज्या घरांत राजकारण सतत चालतं तिथली मुलं सुरुवातीला बापाचाच पक्ष धरतात खरी, पण घराबाहेर पडल्यावर तो सोडणारीही जास्त करून तीच. कारण त्यांना राजकारणात रस असतो, आणि रस असणारा माणूस नवं ऐकतो.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मार्डी असो की कुंभा, पोरगं पहिलं राजकारण बघतं ते पॅनलचं: कोणाचा चुलता कुठल्या पॅनलमध्ये, कोणत्या घरचा माणूस फुटला, कोणत्या रात्री काय वाटलं. तेच पॅनल विधानसभेला एका पक्षाकडे आणि जिल्हा परिषदेला दुसऱ्याकडे झुकलेलं त्याने पाहिलेलं असतं. म्हणजे बापाकडून पोराला मिळतो तो पक्ष नव्हे, गट मिळतो. पक्ष बदलणं म्हणजे बेइमानी, असं त्याला मोठेपणी वाटत नाही याचं एक कारण इथं असावं.

‘पुण्याले गेलं की पोट्टं बिघडते’

यात तथ्य आहे. फक्त ‘बिघडते’ हा शब्द कोण वापरतं त्यावर अवलंबून. अमेरिकेतल्या बेनिंग्टन या मुलींच्या कॉलेजात थिओडोर न्यूकम या अभ्यासकाने १९३०च्या दशकात हेच तपासलं. मुली सधन, सनातनी वळणाच्या घरांतल्या. प्राध्यापक डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टच्या बाजूचे. १९३६च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने होत्या, वरच्या दोन वर्गांत मात्र जेमतेम १५ टक्के. न्यूकमने १९६०च्या आसपास आणि पुढे सहकाऱ्यांसह १९८४मध्ये त्याच बायकांना पुन्हा शोधलं. बहुतेकींनी कॉलेजातली मतं सोडली नव्हती. का, तर त्यांनी नवरे आणि मैत्रिणीही तशाच मतांच्या निवडल्या. मत टिकलं ते भोवतालच्या माणसांमुळे. ती माणसं बदलली असती तर तेही डळमळलं असतं.

महाराष्ट्रातला दाखला द्यायचा तर वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचा द्यावा लागेल. गावोगावच्या दलित पोरांना तिथं एकमेकांची संगत मिळाली, वाचन मिळालं, भांडायला मोठं शहर मिळालं. १९७२मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरचं नातं त्या खोल्यांशी आहे.

आजच्या मारेगावच्या पोरांचं ‘वसतिगृह’ म्हणजे पुण्यातली अभ्यासिका. तिथं गेलेल्या बहुतेकांना राजकारण नको असतं, पद हवं असतं. तरी ११ मार्च २०२१ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना, करोनाचं कारण देऊन एमपीएससीने पूर्वपरीक्षा पुढे ढकलली आणि हीच पोरं पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर बसली. त्यांचा राग एका पक्षावर नव्हता. वय निघून चाललेल्या माणसाचा तो राग होता. अशा रागातून पुढे कोणता पक्ष निवडला जातो हे ठरलेलं नसतं, पण सरकार नावाच्या गोष्टीकडे बघायची नजर त्या दिवशी बदललेली असते.

‘एका पिढीचं एक मत असतं’

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८मध्येच मांडलं होतं की पिढी वयाने बनत नाही, ऐन तारुण्यात सोबत भोगलेल्या घटनांनी बनते. अलीकडे अमेरिकी मतदारांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने याला आकडा दिला: अठराव्या वर्षाच्या आसपास घडलेली राजकीय घटना मतावर जो ठसा उमटवते, तो चाळिशीतल्या घटनेच्या साधारण तिप्पट असतो.

यवतमाळ जिल्ह्यात हे ताडून बघता येतं. १९८६ला जो अठराचा होता त्याच्या कानावर चिलगव्हाणच्या शेतकरी साहेबराव करपेंनी १९ मार्चला बायकोपोरांसह जीव दिल्याची बातमी आली असेल, आणि शरद जोशींची शेतकरी संघटना त्या दिवसांत विदर्भ पेटवत होती. जो २००६ला अठराचा झाला त्याने पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करताना पाहिले. २०१४च्या मार्चमध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदी ‘चाय पे चर्चा’ करून गेले. आणि २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. शेतीचं दुखणं एकच, पण प्रत्येक वयाच्या माणसाच्या डोक्यात त्याचा गुन्हेगार वेगळा बसलेला असतो.

मात्र घटना एक म्हणून ठसाही एक, असं समजू नये. आणीबाणीने एक अख्खी पिढी काँग्रेसविरोधी झाली, असं पुण्या-मुंबईत बसून सहज लिहिलं जातं. विदर्भात काय झालं? १९७८च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या आणि त्यात मोठा वाटा विदर्भाचा होता. वर्ष तेच, आणीबाणीही तीच, तरुणही त्याच वयाचे. पण ज्याच्या दारात नसबंदीची किंवा तुरुंगाची झळ आली आणि ज्याच्या दारात वीस कलमी कार्यक्रमाचा लाभ आला, त्यांना ती वेगवेगळी दिसली.

तरुण उपकार फेडतात, अशीही एक भाबडी समजूत आहे. मतदानाचं वय २१वरून १८ करणारी ६१वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ला लागू झाली, राजीव गांधींच्या काळात. त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेस चारशेच्या वरून १९७वर आली.

‘पक्ष बदलला म्हणजे विचार बदलला’

या समजुतीला खुद्द वणीतूनच उत्तर मिळतं. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८०मधला, वणीचा. टिळकांचे अनुयायी. टिळक गेल्यावर गांधींच्या असहकाराशी त्यांचं जमलं नाही. ते प्रतियोगी सहकारवाले झाले. तरी १९३०मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेले, १९३३मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. १९३४मध्ये जातीय निवाड्यावरून मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. १९४१मध्ये चक्क व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले आणि फेब्रुवारी १९४३मध्ये गांधींच्या उपोषणाच्या वेळी त्यातून बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल. आणि १९६२मध्ये ऐंशी उलटल्यावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत, स्वतंत्र विदर्भासाठी.

नुसती यादी वाचली तर माणूस धरसोडीचा वाटतो. पण ‘मिळेल तिथं सहकार, नाकारतील तिथं विरोध’ हे टिळकांचं प्रतियोगी सहकाराचं सूत्र हाताशी धरून पाहिलं की यातल्या बऱ्याच उड्या एका रेषेत येतात. त्यांनी विशी-तिशीत जे उचललं ते ऐंशीतही सोडलं नव्हतं. बदलत गेला तो समोरचा माणूस. त्यांच्यानंतर यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१मध्ये त्याच नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकचे खासदार झाले, १९८०मध्ये इंदिरा काँग्रेसचे, नंतर स्वतःचा पक्ष काढला, आणि विदर्भ मात्र शेवटपर्यंत तोंडात. बाळू धानोरकर वरोऱ्याचे शिवसेनेचे आमदार होते आणि २०१९ला ऐन निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसचे उमेदवार झाले. त्यांच्यामागे गेलेल्या पोरांचा विचार बदलला की फक्त गळ्यातला दुपट्टा, हे त्या पोरांनाच विचारलं पाहिजे. सगळ्यांच्याच पक्षांतराला तत्त्वाचं कोंदण असतं असंही नाही, हे विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

‘आताच्या पोरांना राजकारणात रसच नाही’

रस दाखवायची जागा तरी ठेवलीय का? १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका संपल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका आल्या. २०१६च्या नव्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परत आली. २०१९मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि विधानसभा निवडणुकीच्या कारणाने लांबलं. अमरावती विद्यापीठाच्या मारेगावसारख्या ठिकाणच्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या कितीतरी तुकड्यांनी एकदाही मतपत्रिकेवर आपला प्रतिनिधी निवडलेला नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ पूर्ण लागतात, विधानसभेला २५.

रस आणि मतदान यांच्यामध्ये कागदही असतो. २०२२पासून नाव नोंदवायला वर्षात एक नव्हे, चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्याला नमुना ६ आगाऊ भरता येतो. पुण्यात किंवा नागपुरात मुक्काम हलवलेल्याने नमुना ८ भरून नाव तिकडे न्यायचं असतं. खोली दर वर्षी बदलणारं पोरगं ते भरत नाही, आणि मतदानाच्या दिवशी मारेगावला यायला त्याला सुट्टी मिळत नाही किंवा गाडीभाडं परवडत नाही. मग त्याचं मत बदललं होतं की नव्हतं, हे निकालाच्या आकड्यात कुठेच उमटत नाही.