कुकडीच्या पात्रातले रांजण

“पाणी मऊ आणि खडक कठीण. मग पाणी खडक कसा कापते?” चौथीतल्या मुलाने असे विचारले, की ‘पाण्याच्या जोराने’ असे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्याची शंका रास्त आहे. नुसत्या पाण्याला कठीण कातळ सहसा दाद देत नाही. नदीलाही हत्यार लागते.

हे हत्यार पाहायचे तर निघोजला जावे. पारनेर तालुक्यातले निघोज आणि शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी यांच्या दरम्यान कुकडी नदी काळ्या बेसाल्टमधून वाहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक. त्यात जागोजागी गोल खड्डे दिसतात. काही वाटीएवढे, तर काहींत उभा माणूस बुडेल. यांनाच आपण रांजणखळगे म्हणतो.

खळग्याची सुरुवात साधी असते. कातळात कुठे भेग असते, कुठे जरा खोलगट जागा. पुराचे पाणी तेथे गरगर फिरू लागते. वाहत आलेली वाळू आणि गोटे त्या भोवऱ्यात अडकतात आणि खडकाला घासत फिरत राहतात. घरातला पाटा आठवा. वर्षानुवर्षे वाटण करून तो मध्ये खोल होतो आणि वरवंटाही झिजतो. इथेही गोट्यांची शेवटी वाळूच होते. पुढचा पूर नवे गोटे आणून टाकतो.

मुलांना हे वर्गात करून दाखवता येईल. विटेचे सुपारीएवढे वीस-पंचवीस तुकडे स्वच्छ धुऊन घ्या. एक तुकडा दोऱ्याला बांधून बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटे फिरवा. बाकीचे झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत अर्धी बरणी पाणी घालून तेवढाच वेळ हलवा. (एकाचे हात दुखले की दुसऱ्याने घ्यावी. वर्गात हौशी हातांना तोटा नसतो!) बादलीतले पाणी जवळजवळ नितळ राहते, बरणीतले लाल होते. तुकड्यांच्या कडा बोथट झालेल्या हाताला लागतात. पाणी तेच, फरक आपटण्या-घासण्याचा.

उन्हाळ्यात तीच नदी काही करत नाहीशी वाटते. खरेच आहे, हलके पाणी मोठे गोटे हलवू शकत नाही. कोरण्याचे बरेचसे काम पुराच्या थोड्या दिवसांत उरकते. आता वरच्या बाजूला येडगावचे धरण असल्याने पाणी किती यायचे हे पावसाइतकेच धरणावरही ठरते.

शेजारचे दोन खळगे रुंदावत गेले, की मधली भिंत पातळ होऊन फुटते. असे अनेक खळगे जोडले गेले, की कातळात सलग घळ तयार होते आणि पात्र खोल जाते. निघोजला अशा फुटलेल्या भिंती मुलांना शोधायला सांगा. सहल मात्र पाणी कमी असताना न्यावी. काठ गुळगुळीत असतात आणि पाण्याने भरलेल्या खळग्याची खोली वरून कळत नाही.